शोभा वर, कारभार खाली

गोड्या पाण्यातला मासा दिवसभर लघवी करत असतो, पण त्याची खरी घाण त्या वाटेनं फारशी जातच नाही. अंगातला बहुतेक अमोनिया तो कल्ल्यांतून सोडतो. ज्यानं श्वास घ्यायचा त्यानंच विष टाकायचं, आणि तेही त्याच पाण्यात ज्यातून पुढचा श्वास यायचा आहे. नदीत हे खपून जातं. चार फुटी काचेच्या टाकीत खपत नाही.

म्हणून संप. फिश टँकखालच्या कपाटात लपवलेली ही दुसरी टाकी. वरचं पाणी आपल्या वजनानं पाइपातून खाली येतं, स्पंज, कापूस, प्लास्टिकच्या चकत्या असल्या सामानातून वाट काढतं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. तयार संप विकत मिळतो. पण मजा घरी बनवण्यात आहे, कारण याचं बरंचसं सामान नळाच्या दुकानातलं आहे आणि यामागची बरीचशी अक्कल सांडपाण्याच्या शास्त्रातली. हौशी लोकांनी तिला फक्त सनमायका लावलेलं कपाट दिलं.

गटाराची विद्या

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा संशोधकांनी एका लांब काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडलं. साधारण वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया वरून आला तसाच खाली गेला. मग खालून नायट्रेट यायला लागलं. हे नुसतं रसायन, की कुणी सजीव आत बसून काम करतोय? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद. वाफ काढून घेतली, तरी बंदच. मग थोडी माती पाण्यात ढवळून ते पाणी वरून ओतलं, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा सुरू झालं. आत कुणीतरी राहत होतं, हे सिद्ध झालं. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं त्या राहणाऱ्यांना वेगळं काढून दाखवलं: अमोनिया जाळून त्यावरच जगणारे जीवाणू. त्यांना ऊन नको, साखर नको.

ती नळी उभी न ठेवता आडवी केली आणि तिचे कप्पे पाडले की झाला आपला संप. ते वीस दिवसही तिथूनच आले आहेत. टाकी ‘सायकल होऊ द्या, महिनाभर थांबा’ असं दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून त्याच संध्याकाळी मासे घेऊन जातं. साधे पोटातले जीवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात, हे अमोनियावाले मात्र एकदा दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास सहज घेतात. घाई त्यांच्या स्वभावातच नाही. माशांविना टाकी चालू ठेवून तिच्यात रोज चिमूटभर खाद्य कुजायला टाकायचं, हे घरच्यांना पटवून देणं प्लंबिंगपेक्षा अवघड जातं.

नॉर्वेची चकती, सोसायटीचा एसटीपी

१९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत सांडपाणी शुद्ध करण्यासाठी प्लास्टिकच्या छोट्या चाकासारख्या चकत्या काढल्या गेल्या. आत आडव्या-उभ्या भिंती, बाहेर पाकळ्या. पाण्यात हवा सोडली की त्या सतत घुसळत राहतात, बाहेरचा थर घासून निघतो आणि आतल्या खोबणीतले जीवाणू शाबूत राहतात. के-१ या नावानं हौशी लोक ओळखतात ती हीच. एक घनमीटर के-१ मध्ये जीवाणूंना सुरक्षित राहायला सुमारे ५०० चौरस मीटर जागा मिळते. म्हणजे वीस लिटरच्या बादलीभर चकत्यांत दहा चौरस मीटर. मुंबईच्या भाषेत, दहा बाय दहाची खोली बादलीत.

पुण्या-ठाण्याच्या मोठ्या सोसायट्यांच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा जो एसटीपी असतो, त्यातल्या अनेकांत याच जातीच्या चकत्या फिरत असतात. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॉवरहॉर्न माशाचं पाणी आणि तळघरातला मैला एकाच तंत्रानं शुद्ध होतो. पाहुण्यांना हे चहाच्या आधी सांगू नये.

शंभर वर्षं चुकीच्या कारागिराचा सत्कार

शाळेच्या पुस्तकात असतं: नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर नायट्राइटचं नायट्रेट करतो. बाटलीतले जीवाणू विकणाऱ्यांनीही वर्षानुवर्षं हीच नावं छापली. १९९८ मध्ये अमेरिकेत गोड्या पाण्याच्या टाक्यांमधले जीवाणू जनुकांवरून तपासले, तर नायट्राइटवर बसलेला निघाला नायट्रोस्पायरा. नायट्रोबॅक्टरचा तिथे पत्ताच नव्हता.

मग पहिल्या पायरीवरही शंका आली. २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका उष्ण कटिबंधीय खाऱ्या टाकीतून एक जीव सापडला. तो अमोनिया खात होता, पण मुळात जीवाणूच नव्हता. तो आर्किया होता, सजीवांच्या निराळ्याच घराण्यातला. अमोनिया खाणारा आर्किया प्रयोगशाळेत वेगळा वाढवता आला तो हा पहिला. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी घरगुती गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या गाळण्या तपासल्या, आणि बहुतेक ठिकाणी अमोनियाच्या कामावर हेच आर्किया भारी पडलेले दिसले.

सगळ्यात गमतीचा शोध २०१५ चा. शंभराहून जास्त वर्षं समजूत अशी की हे काम दोन पाळ्यांतच होतं, एकानं अर्धं करायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की नायट्रोस्पायराचे काही प्रकार दोन्ही पाळ्या एकटेच करतात. एका गटाला तो जीव तेलाच्या शोधासाठी खोदलेल्या विहिरीच्या गरम पाण्याच्या पाइपात मिळाला. दुसऱ्या गटाला, नेदरलँड्समध्ये, मासे पाळण्याच्या फिरत्या पाण्याला जोडलेल्या ठिबक गाळणीत. म्हणजे जवळपास संपमध्येच.

घासणी, कौल आणि रेक्रॉन

जीवाणूंना पत्ता महाग लागत नाही. खडबडीत जागा, वाहतं पाणी आणि हवा एवढं मिळालं की ते राहायला येतात. त्यामुळे घरगुती संपमध्ये भांडी घासायच्या प्लास्टिकच्या गोल घासण्या डझनावारी भरलेल्या दिसतात. जाळीदार, पाण्यात न कुजणाऱ्या, किराण्याच्या दुकानात माळेनं लटकलेल्या. अट एवढीच की स्टीलची घासणी नको आणि साबण किंवा जंतुनाशक लावलेली तर मुळीच नको. जंतू मारणारी घासणी जंतूंना राहायला देणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

कौलाचे तुकडेही चालतात, झिलई नसलेले, वाहत्या पाण्यात धुऊन घेतलेले. बारीक गाळ पकडायला पॉलिएस्टरचा कापूस लागतो, आणि तो उशीतलाच. दुकानात ‘फिल्टर फ्लॉस’ म्हणून छोट्या पाकिटात मिळतो तोच प्रकार गादीवाल्याकडे ‘रेक्रॉन’ म्हणून किलोवर मिळतो. खरा कापूस मात्र पाण्यात कुजतो.

क्रम मोडायचा नाही. आधी स्पंज आणि रेक्रॉन, मग चकत्या-घासण्या, शेवटी पंप. उलट केलं की चकत्यांवर विष्ठेचा लेप बसतो आणि जीवाणू गुदमरतात. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला तर महापालिकेनं प्रामाणिकपणे घातलेलं क्लोरिन आपलं काम तितक्याच प्रामाणिकपणे करतं.

आता एक चटका लावणारी गोष्ट. परदेशी हौशी लोक ‘लाव्हा रॉक’ पैसे मोजून घेतात आणि आपण अख्खे लाव्हाच्या थरांवर बसलो आहोत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा बेसॉल्ट जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. पण आपला काळा दगड बहुतेक घट्ट. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट गटातली खनिजं भरली गेली. पुणे, नाशिक, जळगाव या पट्ट्यातले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आणि झिओलाइट तर फिश टँकवाल्यांचं औषध! पण अमोनिया पकडायला जे वापरतात ते क्लिनोप्टिलोलाइट हे वेगळं खनिज. खाणीतला चकाकता स्टिलबाइट संपमध्ये टाकून पाणी शुद्ध होईल या आशेवर राहू नका. तो शोकेसमध्येच शोभतो.

कूलर ज्याला कळला

विदर्भातल्या माणसाला संप समजवावा लागत नाही. खाली पाण्याची टाकी, तीत बुडवलेला पंप, पाणी वर चढतं, वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकत पुन्हा खाली येतं: नागपूरच्या दर खिडकीत मे महिन्यात हेच लटकलेलं असतं. ताटीच्या जागी घासण्या ठेवा, झाली ठिबक गाळणी.

ठिबकण्याचा फायदा हवेत आहे. एक मिलिग्रॅम अमोनियातला नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तीस अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि त्यावर माशांचाही हक्क आहे. पाणी पातळ थरानं हवेतून खाली घसरलं की जीवाणू पाण्याऐवजी थेट हवेवर चालतात. बंद डब्याच्या गाळणीला हे जमत नाही.

कूलरचाच पंप संपला लावावा का? लावणारे लावतात. मी म्हणेन, नको. तो मोसमापुरता बनलेला, आणि इथे त्याला वर्षभर एक मिनिट सुटी नाही.

लंडनचा अंधारा हौद

ही कल्पना किती जुनी? १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उघडलं तेव्हा विल्यम अल्फर्ड लॉइड यानं प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांच्याहून कितीतरी मोठा अंधारा हौद बांधला होता. पंपानं समुद्राचं पाणी हौदातून टाक्यांत आणि टाक्यांतून परत हौदात अखंड फिरत राही. पाणी साठ्यानं जितकं जास्त, तितकी घाण पातळ, हे लॉइडला कळलं होतं. हौदात उजेड नसल्यानं शेवाळही नाही. अमोनिया जाळणाऱ्या जीवांना उजेड मानवत नाही हे नंतर कळलं, पण हौद अंधारात ठेवण्याची रीत तेव्हाच होती.

वीज गेली की

घरगुती संपची परीक्षा पंप चालू असताना होत नाही. ती पंप बंद पडल्यावर होते, आणि महावितरणच्या राज्यात परीक्षक वरचेवर येतो.

पंप थांबला की पाणी परत वर ढकलणारा पाइप उलटा वाहायला लागतो. त्याचं तोंड टाकीत जितकं खोल, तितकं पाणी सायफननं खाली येतं. आता हिशेब मांडू. चार फूट बाय दीड फुटाची टाकी, दीड फूट उंच. तीत २५५ लिटर पाणी मावतं. तिची पातळी एक इंच उतरली की १४ लिटर खाली. संप घेतलाय अडीच फूट बाय एक फूट, उंची पंधरा इंच. त्यात पाणी दहा इंच ठेवलं तर वर साधारण २९ लिटरची जागा मोकळी. पाइपाचं तोंड एकच इंच बुडालेलं असेल तर १४ लिटर सहज मावतात. चार इंच बुडालेलं असेल तर ५७ लिटर येतात आणि २८ लिटर, म्हणजे दीड बादली, हॉलच्या फरशीवर. रात्री अडीच वाजता.

उपाय फुकट आहे. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक भोक पाडायचं. पाणी तिथपर्यंत उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळानं बुजतं, म्हणून दोन पाडायची आणि अधूनमधून दात कोरायच्या काडीनं साफ करायची. कुणी याऐवजी एकाच दिशेनं उघडणारा एनआरव्ही बसवतात. त्यात गोगलगायीचं एक पिल्लू अडकलं की तो उघडाच राहतो.

उलटा हिशेबही करून ठेवावा. वरून खाली येणाऱ्या पाइपात पान अडकलं तर पंप शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकतो. तेवढं पाणी वरच्या टाकीच्या काठाखाली मावलं पाहिजे. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवतात. मोठा ठेवण्याचा मोह होतो, पण आवरावा.

सगळं जोडून झालं की मासे सोडण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि उभं राहून बघायचं. मग चालू करायचा. मग वरच्या पाइपात फडकं कोंबून बघायचं. ही चाचणी टाळणारा माणूस मी हौशी मानत नाही, जुगारी मानतो.

शब्दकोशाची ९९ वर्षं

सायफन इजिप्तच्या लोकांना साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून ठाऊक होता असं त्यांच्या चित्रांवरून दिसतं. तरी तो कशामुळे चालतो यावर २०१० मध्ये बातमी झाली. ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन ह्यूज यांनी दाखवून दिलं की ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून सायफनचं श्रेय हवेच्या दाबाला दिलेलं आहे. पाणी ओढतं ते गुरुत्वाकर्षण, लांब बाजूच्या पाण्याचं वजन. ९९ वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती. फरशी पुसणाऱ्या एकालाही संपादकांना पत्र लिहावंसं वाटलं नसावं.

टाकीला भोक पाडायचं नसेल तर काठावरून उलट्या ‘यू’सारखा पीव्हीसी पाइप टाकून याच सायफननं पाणी खाली आणतात. चालतो. फक्त त्यात हवेचा बुडबुडा साठला की तो बेत बिनबोभाट थांबतो आणि पंप मात्र ढकलत राहतो. भोकच बरं.

भोक कुठल्या काचेला

साध्या काचेला हिऱ्याच्या कणांचा गोल कटर लावून, वरून पाणी सोडत, दाब न देता भोक पडतं. टफन्ड काचेला पडत नाही. तिचा एका क्षणात चुरा होतो, कारण तिच्या आत ताण मुद्दामच भरून ठेवलेला असतो. म्हणून काचवाल्याला आधी विचारायचं आणि भोकं टाकी चिकटवण्याआधीच त्याच्याकडून पाडून घ्यायची. मग टँक निपल, रबरी वायसर, टेफ्लॉन टेप, एल्बो, बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन. युनियन दोन जास्तच घ्या. पाइप सोल्युशननं कायमचा चिकटवून झाल्यावरच पंप बाहेर काढायची वेळ येते.

चिकटवायला सिलिकॉन. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर बरं, कारण ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि ते उडून जातं. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नये. त्यातलं औषध माशांनाही लागू पडतं. सिलिकॉन येण्याआधी टाक्या लोखंडी चौकटीत पुटी भरून बनत. निव्वळ काचेची टाकी ही १९६० च्या दशकातली गोष्ट आहे, जुनी परंपरा वगैरे काही नाही.

आणि वजन. २५५ लिटर म्हणजे २५५ किलो, अधिक संपमधले साठेक, अधिक काच आणि स्टँड. एकूण चारशे किलोच्या आसपास. घराच्या खोलीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात आणि ही टाकी उभी राहते अर्ध्या चौरस मीटरवर. भार जमिनीत पसरतो, म्हणून लगेच काही कोसळत नाही. पण जागा भिंतीलगत, तुळईजवळची निवडावी. बाल्कनी नको म्हणजे नकोच.

खोक्यावरचे दोन आकडे

पंपाच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं: तासाला २००० लिटर, उंची दोन मीटर. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते एका वेळी कधीच खरे नसतात. २००० लिटर ते पाणी अजिबात वर चढवायचं नसताना, आणि दोन मीटर उंचीवर प्रवाह शून्य. कपाटातल्या संपपासून टाकीच्या काठापर्यंत सव्वा मीटर, त्यात दोन एल्बो. हातात निम्मंसुद्धा येईलच असं नाही. टाकीचं पाणी तासात चार ते सहा वेळा फिरावं असा हौशी लोकांचा ढोबळ नियम, म्हणजे २५५ लिटरला हजार ते पंधराशे लिटर पोहोचलं पाहिजे. खोक्यामागचा आलेख वाचा. आलेख नसेल तर पंप ठेवा तिथेच.

२५ वॉटचा पंप अहोरात्र चालून महिन्याला १८ युनिट खातो. दुकानदाराचा ‘काहीच वीज लागत नाही’ हा दावा तेवढ्यापुरता दुरुस्त करून घ्यावा.

गुडगुड

संप बसवल्यावर पहिली तक्रार माशांची येत नाही, झोपमोड झालेल्यांची येते. खाली जाणाऱ्या पाइपात पाणी आणि हवा एकत्र गेले की संडासाची टाकी सोडल्यासारखा आवाज येतो, तोही अखंड. रिचर्ड डुर्सो या अमेरिकी हौशी माणसाच्या नावाचा पाइप यावरच निघाला: तोंड पाण्याखाली वळवलेलं, डोक्यावर हवेसाठी बारीक भोक. त्यापुढची तऱ्हा तीन पाइपांची. एक पूर्ण पाण्यानं भरलेला, व्हॉल्व्हनं आवळून निःशब्द केलेला. दुसऱ्यातून उरलेलं थोडं पाणी. तिसरा कोरडा, फक्त संकटासाठी. तिसऱ्यातून आवाज आला की समजायचं पहिला तुंबलाय. तोच गजर.

पाणी आटतं कुठून

वरची टाकी काठोकाठ, संपमधलं पाणी मात्र रोज उतरतं, हे पाहून गळतीच्या संशयानं फरशी पुसणारे पुष्कळ आहेत. गळती नसते. वरची पातळी भोकाच्या काठानं ठरते, ती हलतच नाही. बाष्पीभवनाचा सगळा तोटा पंपाच्या कप्प्याच्या नावावर पडतो. एप्रिलमध्ये तो कप्पा रिकामा होऊन पंप कोरडा चालू शकतो.

यावर छपरावरच्या टाकीतला बॉलकॉक. शेजारी पाण्याचा डबा, त्याची नळी संपमध्ये, टोकाला छोटा तरंगता व्हॉल्व्ह. पातळी उतरली की आपोआप भर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबियसनं पाणघड्याळातली धार सारखी राहावी म्हणून तरंगत्या झडपेचीच युक्ती केली होती. आपोआप नियंत्रण करणाऱ्या यंत्रांच्या इतिहासाची सुरुवात तिथून सांगतात.

टाकीतली दारू

वीज जाऊन पाण्यातला ऑक्सिजन संपला की बहुतेक मासे मरतात. गोल्डफिश आणि त्याचा चुलतभाऊ क्रूशियन कार्प यांच्याकडे एक छुपी वाट आहे: ते अंगात साठणारं लॅक्टिक आम्ल दारूत, म्हणजे इथेनॉलमध्ये बदलून कल्ल्यांतून बाहेर सोडतात. बर्फाखालच्या तळ्यांतल्या क्रूशियन कार्पच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर दारू भरते, असं २०१७ च्या एका अभ्यासात नोंदलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅम. नाकाबंदीत मासा पकडला गेला असता.

ही कला थंड पाण्यातली आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नये. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप ठेवावा. मासे तासाभरानं वर येऊन तोंड उघडतात तेव्हा दिसतं तरी. संपमधल्या जीवाणूंची घुसमट दिसत नाही.

बेटा माशासाठी मात्र संपचा हा खटाटोप करू नका. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो आणि त्याला जोराचं पाणी आवडत नाही. संप ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश अशा खादाड मंडळींना शोभतो. दोन फुटी टाकीला तो लावणं म्हणजे हौसेपेक्षा हट्ट जास्त.

फूल न येणारी वेल

संप अमोनियाचं नायट्रेट करतो आणि थांबतो. नायट्रेट पाण्यात साठत जातं, ते बादलीनंच बाहेर काढावं लागतं. कुंडीतली तुळस-गुलाब ते पाणी आनंदानं घेतात. संपच्या कप्प्यात मनीप्लांटची मुळं सोडली तर तीही नायट्रेट ओढतात. पानं बाहेर, मुळं आत, आणि वेलीसाठी कपाटाला एक फट. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाची. तिला आपणहून फूल येतच नाही म्हटलं तरी चालेल. जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं एक जनुक तिच्यात नीट चालत नाही, असं २०१६ मध्ये दिसून आलं. जगभर पसरली ती निव्वळ लोकांनी तोडलेल्या काड्यांवर.

जलपर्णीही नायट्रेट झपाट्यानं खाते. पण संपमधून उपसलेली जलपर्णी ओढ्यात टाकू नका, वाळवून कुंडीत घाला. पवना आणि उल्हास नदीची अवस्था ज्यानं पाहिली आहे त्याला कारण सांगायला नको. वाढून बसलेल्या सकर माशालाही तोच नियम: नदी-धरण त्याचं घर नाही.

निळं औषध

माशाला पांढरे ठिपके आले की दुकानदार निळी बाटली देतो. ते मिथिलिन ब्लू. १८७६ मध्ये कापड रंगवायला बनलेलं हे रसायन १८९१ मध्ये पॉल एर्लिश यांनी हिवतापाच्या रोग्यांवर वापरलं. कारखान्यात जन्मलेल्या औषधांमधलं हे अगदी पहिल्यांपैकी. संपसाठी मात्र ते वाईट, कारण नायट्रेट बनवणाऱ्यांनाही ते झोडतं. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढावा आणि निळं पाणी तिथेच करावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मारायला लागणारे ‘हायपो’चे खडे मात्र निर्धोक. फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतला हायपो तो हाच, सोडियम थायोसल्फेट.

कपाटातली प्रजा

वरच्या टाकीत गप्पी असतील तर भोकाच्या तोंडाशी बारीक जाळी लावा. पिल्लं पाण्याबरोबर खाली घसरतात, आणि तिथे त्यांना खाणारं कुणी नसतं, अन्न मात्र भरपूर. महिन्या-दोन महिन्यांनी स्पंज काढायला गेलेला माणूस कपाटात मान घालून मोजत बसतो. गप्पीची मादी नराचं बीज अंगात महिनोन्‌महिने जपून ठेवते आणि त्यावर पुन्हा पुन्हा पिल्लं घालते, त्यामुळे एकटीच मादी खाली पडली असेल तरी प्रजा वाढते. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्या महापालिकांचा आरोग्य विभाग गप्पी मासे वाटत असतो. तुमच्याकडे बादलीभर झाले की एक फोन करून बघा, त्यांना हवे असतील. फक्त ओढ्यात सोडू नका.